मिरजेला नेलेली धामण

फोनवर शेजारीण एवढंच म्हणाली, "आवं ताई, पळत या. कडबाकुट्टीत लय वंगाळ झालंय." आणि फोन बंद.

मी आशा सेविका आहे. त्या वेळी गावापलीकडच्या वस्तीवर एका बाळंतिणीच्या घरी बाळाचं वजन करत होते. कडबाकुट्टीत वंगाळ झालं म्हणजे काय झालं, हे मला कुणी समजावून सांगायला नको. वैरण बारीक करायचं हे यंत्र आमच्या उंब्रज भागात घरोघरी आहे आणि उसाचा हंगाम आला की कुणाची बोटं, कुणाचा पंजा घेऊन जातं. आमच्या घरी त्या वेळी एकच माणूस होतं, माझे सासरे. नवरा फौजेत, पोरं शिकायला बाहेर. मी बाळाला आईच्या मांडीवर ठेवलं आणि स्कूटी काढली.

वाटेत माझ्या डोक्यात जुळवाजुळव चालली होती. हात स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा, तुटलेलं काही असेल तर पिशवीत घालून बर्फात ठेवायचं, गाडी आपली काढायची, कराडात कुणाला फोन करायचा. घाबरले होते का म्हणाल, तर खरं सांगते, आधी दमले. अजून काही पाहिलं नव्हतं, तरी अंगातलं सगळं बळ निघून गेलं. आता पुन्हा दवाखाना, पुन्हा ते बाकडं, पुन्हा ती पावडरच्या दुधाची कॉफी, एवढंच मनात येत राहिलं.

गोठ्यात पोचले तर पाच-सहा बाया जमलेल्या आणि मध्ये मामा उकिडवे बसलेले. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूला आत्या म्हणायची, आमच्याकडची रीतच ती. मी आधी मामांचे हात बघितले. दोन्ही जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच इतका राग आला की सांगता सोय नाही.

"काय झालंय मग?" मी ओरडलेच.

मामांनी वर बघितलं नाही. पुढ्यातल्या पोत्याकडे नुसतं बोट केलं. पोत्यावर धामण पडली होती.

उसाच्या वाड्याच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, ढिगात गारव्याला शिरली असणार. होळी तोंडावर आली होती, ऊन तापायला लागलं होतं. मामांनी ढिगातून वाड्याचा कवळा उचलून यंत्रात सरकवला, त्यातच ती. त्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. बटण बंद केलं म्हणून पूर्ण तुटली नाही, पण शेपटीकडचं अंग पात्यानं कापत नेलं होतं. आतलं बाहेर आलं होतं. पुढचं अंग हलत होतं, मागचं नुसतं पडून होतं.

ती आत्यांची धामण होती. पाळलेली म्हणावी तर तिला कुणी कधी कोंडलं नव्हतं की खायला घातलं नव्हतं. गोठ्यामागं दगडांची रचलेली जुनी भिंत आहे, तिच्यात ती राहायची. पिवळसर, मनगटाएवढी जाड, उभी धरली तर माझ्याहून उंच भरली असती. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून ती तिथं आहे असं सगळे म्हणत. तीच एक होती की तिच्या लेकी-नाती, देव जाणे. मी काही तिचं आधार कार्ड बघितलं नाही. पण आत्यांच्या लेखी ती एकच होती. पहिल्यांदा दिसली तेव्हा भावकीतले गडी काठ्या घेऊन धावले, तर आत्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या. "माझ्या गोठ्यातली हाय. आधी मला हाना," म्हणाल्या. आत्यांना हाणायची कुणाची छाती नव्हती.

धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. कुणी तसं बोललं की आत्या म्हणत, "आमच्या म्हशीचं दूध काढायला माणसं कटाळत्यात, ती बापडी कशाला वढतीया?" तिच्यामुळे गव्हाच्या पोत्यांना उंदीर लागत नव्हता, हे त्यांचं गणित. सकाळी ती भिंतीवर उन्हाला आली की शेण भरता भरता तिच्याशी बोलत. कुणाची सून कशी वागते, आज कुणाकडे जेवण आहे, सगळं. माझ्याविषयीही सांगत असणार. मी लांबून जायची. मला सापाची भीती वाटते, आजही वाटते.

आत्या जाऊन वर्ष झालं होतं. दोन वर्षं त्यांना कॅन्सर होता. त्या दोन वर्षांत मिरजेचा रस्ता मी इतक्या वेळा तुडवला की कुठल्या पंपावर बायकांचं संडास उघडं असतं, कुठल्या खड्ड्याला गाडी दुसऱ्या गिअरवर आणायची म्हणजे मागच्या सीटवर आत्यांना हिसका बसत नाही, हे मला तोंडपाठ झालं. गाडी चालवायला मी त्यापायीच शिकले. नवरा सीमेवर. फोन लागला की सूचना द्यायचा, हे विचार, ते विचार, दुसऱ्या डॉक्टरला दाखव. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? मामा कधीच आले नाहीत. "गुरं कोन बगनार?" म्हणायचे. ते खोटं नव्हतं. गुरं कुणालातरी बघावीच लागतात.

शेवटी शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी मला जिन्यापाशी उभं करून विचारलं, अजून एक ऑपरेशन करून बघायचं की घरी न्यायचं? आत्या गुंगीत होत्या. नवरा फोनवर म्हणाला, "तुला काय वाटतंय ते कर." मी त्यांना घरी आणलं. थोड्या दिवसांत त्या गेल्या. आणि नंतर मला दूध डेअरीवरच्या बायांकडून कळलं की मामा तिथं म्हणतात, "दवाखान्यात ठिवली आसती तर आज आसती. सुनंनं आनली घरी." माझ्या तोंडावर कधी बोलले नाहीत. पण माझ्या हातचा चहा घेताना कपाकडं बघायचे, माझ्याकडं नाही. मीही मूग गिळून बसले. काय सांगणार? की मलाही खात्री नव्हती, अजून नाही? भाकऱ्या त्या संध्याकाळीही थापायच्याच होत्या.

तर आता ही आत्यांची धामण, आणि मामांच्या हातून झालेलं.

मी खाली वाकून बघितलं आणि डोकं फिरलं. जखम लालभडक दिसत होती आणि ते सगळं रक्त नव्हतं. बायांनी हळदकुंकू वाहिलं होतं. नाग असो, धामण असो, घरचा साप दुखावला म्हणजे दोष लागतो, म्हणून शेजारणींनी आधी नारळ फोडला, उदबत्ती लावली, वर मूठमूठ हळदकुंकू टाकलं. कुंकू सगळं जखमेत गेलं होतं. डोक्यावर, डोळ्यांतसुद्धा. शेजारी वाटीत दूध होतं आणि वाटीत चमचा होता.

"पाजलं?" मी विचारलं.

"दोन चमचं," शेजारीण म्हणाली. "तहानली आसंल म्हनून."

बारा वर्षं मी ह्याच बायांना सांगत आलेय की बाळाच्या नाळेवर हळद लावू नका, राख लावू नका, तेल लावू नका. व्हय ताई म्हणतात. आणि माझ्याच गोठ्यात हे! मी नुसती वाटी उचलून बाजूला ठेवली. त्या बायांचे चेहरे रडवेले होते. त्यांच्या परीनं त्यांनी उपचारच केले होते.

"ताई, काय तरी कर," मामा म्हणाले. वर्षभरात माझ्याकडे काही मागितलेलं ते पहिलं वाक्य. मला ताई गाव म्हणतं, मामांनी कधी म्हटलं नव्हतं. गडबडीत बाकीच्यांसारखंच निघून गेलं असावं.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं आत्या म्हणाल्या असत्या. मी फोन हातात घेतला.

आमच्या जनावरांच्या डॉक्टरांना आधी लावला. ते म्हणाले, "ताई, मी म्हशी-शेरडांचा माणूस. सापाला हात लावायचा म्हंजे मलाच सलाईन लावायला लागंल." मग उंब्रजच्या सर्पमित्राला. तो दुसरा कुठला तरी साप पकडायला वडूजला गेलेला. पण माणूस बरा, फोनवरच सगळं विचारून घेतलं. स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, वर दुसरं काही घालू नका, उशीच्या अभ्र्यात ठेवा, हवा लागेल अशा खोक्यात, अंधार करा.

"दूध तर पाजलं न्हाई ना?" त्यानं विचारलं.

"पाजलंय."

तिकडून त्यानं आणखी दूध देऊ नका म्हणून बजावलं. मग म्हणाला, मिरजेत एक डॉक्टरीणबाई आहेत, पक्षी-साप बघतात, त्यांना मी कळवतो. वनखात्यालाही कळवतो, त्यांना सांगितल्याशिवाय असं जनावर हलवता येत नाही. त्यांचा माणूस मिरजेलाच येईल.

मिरज म्हटल्यावर मी मटकन ओट्यावर बसले. जगात दुसरं गाव नाही का, असं वाटलं.

अभ्र्यात घालायचं कुणी हा प्रश्न होता. बाया मागं सरकल्या. माझे हात पुढं होईनात. मामांनी पाणी घालून धुतलं, दोन्ही हात खालून घालून तिला उचललं आणि अभ्र्यात सोडायला गेले, तेवढ्यात तिनं मान वळवून त्यांचा अंगठा धरला. धामण विषारी नसते, पण दात असतात. मामांनी तोंडातून आवाज काढला नाही. तिनं सोडेपर्यंत तसेच थांबले. मग रक्ताळलेल्या हातानंच अभ्र्याला गाठ मारून तो टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवला.

"चला," म्हणाले.

"तुमी?" मी विचारलं.

"मग? ती काय एकलीच जानार?"

मला तिथंच काहीतरी तोडून बोलावंसं वाटलं. दोन वर्षं आत्यांना घेऊन एक बाई एकटीच गेली की, असं. पण क्रेटमधल्या अभ्र्याची हालचाल बघितली आणि पेटी आणायला वळले. त्यांच्या अंगठ्यावर पट्टी बांधली, माझ्याच पेटीतली, आणि गाडी काढली.

कराड मागं पडलं. मामा मागच्या सीटवर, क्रेट मांडीवर, वर ओला टॉवेल धरलेला. पेठ नाक्याला आम्ही सांगलीच्या रस्त्याला वळलो. हा रस्ता मी बघतेय तेव्हापासून एकतर खराब असतो नाहीतर त्याचं काम चालू असतं. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले, पुढं जाता येईना. मी खड्डे चुकवत होते. सवयीनं प्रत्येक मोठ्या खड्ड्याआधी "धरा" म्हणत होते.

"आजून किती लांब?" आष्ट्याच्या अलीकडे मामांनी विचारलं.

"लांब हाय."

जरा वेळानं पुन्हा तेच. मी म्हटलं, "मामा, मिरज काय उठून म्होरं येनार हाय का?" मला ऐकू आलं की मी आत्यांच्या आवाजात बोलले. मामाही ऐकत राहिले. मग म्हणाले, "लय लांब हाय गं," आणि तो प्रश्न नव्हता.

दवाखाना एका गल्लीत, घराच्या खालच्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत सलाईन लावलेलं कुत्रं, पंख मोडलेली घार, मांडीवर पोपट घेतलेली एक म्हातारी. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी अभ्रा सोडला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुंकू कुणी टाकलं?"

मामा माझ्याकडे बघायला लागले. माझी मान खाली गेली. मी कुणाचं नाव सांगणार? "घरात पडलं," म्हटलं.

"ह्या कुंकवात काय काय रसायनं असतात तुम्हाला माहीत आहे का? डोळे बघा तिचे. आणि दूध सापाला पचत नाही, फुप्फुसात गेलं असेल तर आणखी पंचाईत." त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. तो आवाज मी ओळखते, माझाही तसाच होतो.

त्यांनी तिला आत नेलं. एक्स-रे फोटो काढला, धुतलं, इंजेक्शन दिलं. आम्ही बाकावर बसलो. मामा नीट टेकून बसेनात. मिनिटामिनिटाला दाराकडे बघत. एकदा उठून दाराला कान लावून आले. "काय करत्यात एवढा येळ?" मी म्हटलं, "बसा. आत काय चाललंय ते भाईर कळत नसतंय." पुन्हा उठले. पुन्हा बसले. "मानसानं नुसतं बसून करायचं काय?" असं स्वतःशीच म्हणाले. उत्तर नसतंच त्याला, मी दोन वर्षं शोधलं होतं.

मग डॉक्टर बाहेर आल्या. हातमोजे काढत उभ्या राहिल्या, आणि मला आधीच कळलं. ते उभं राहणं मला पाठ आहे.

"मणका तुटलाय," त्या म्हणाल्या. "आतड्यालाही इजा आहे. ऑपरेशन करून बघता येईल. पण खरं सांगायचं तर आशा फार कमी आहे. जगली तरी मागचं अंग कायमचं गेलं, मोकळं सोडता येणार नाही, आयुष्यभर पेटीत राहावं लागेल. नाहीतर वेदना होणार नाहीत एवढं औषध देऊन शांत ठेवते. मग ती जाईल, बहुतेक आजच. वनखात्याच्या माणसाशी बोलले मी, ते म्हणाले तुम्हाला योग्य वाटेल ते करा. पण तुम्ही एवढ्या लांबून आणलीत, म्हणून तुम्हाला विचारते. काय करू?"

आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मामाही माझ्याकडे बघत होते. सवयच ती सगळ्यांना. दवाखान्यात उत्तर द्यायचं काम माझं.

मला संताप आला. पुन्हा मीच का? आणि उद्या डेअरीवर पुन्हा, सुनंनं सांगितलं म्हणून? मी भिंतीला हात टेकला.

"मामा, ह्या टायमाला मी न्हाई सांगनार," मी म्हटलं. "तुमी सांगा."

"मी?" मामा म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं?"

"मला तरी कुठं कळत हुतं?"

डॉक्टरांना काही समजलं नाही, पण त्या थांबल्या. पोपटवाली म्हातारीसुद्धा थांबली. मामांनी टॉवेल खांद्यावरून काढला, पुन्हा खांद्यावर टाकला. मग डॉक्टरांना विचारलं, "आपरेशन केलं तर जगंल का, नक्की?"

"नक्की नाही सांगता येत."

"न्हाई केलं तर, जगंलच न्हाई असं नक्की?"

"हो, ते नक्की."

"आन केलं तर दुखंल?"

"दुखेल. बरेच दिवस."

मामांनी बसायला जागा शोधली. बाक मागंच होता तरी त्यांना सापडेना, मी हाताला धरून बसवलं. कपाळावर घाम आला होता. ह्या माणसानं आयुष्यात किती बैल घेतले, किती विकले, भाऊबंदकीत जमिनी वाटल्या, कधी असा घाम आलेला मी बघितला नाही. ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. ऑपरेशन करा म्हटलं तर मी तिला पेटीत टाकली. नको म्हटलं तर मीच कापली आणि मीच मारली. हे असंच मोठ्यानं बोलत नव्हते, पण मला सगळं ऐकू येत होतं. मी त्या जागेवर उभी राहिलेली आहे. तिथं दोन्हीकडून एकच येतं. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली ह्याचाही राग आला.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "नको आपरेशन. दुकू देऊ नका तिला."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"घरी न्यावी का मग? तिची भिंत हाय तिथं."

"नेता येणार नाही आजोबा. कायदा आहे. वनखात्याचा माणूस येतोय, तो ताब्यात घेईल."

"मग ती हाय तवर मी हितं बसतो."

डॉक्टरांनी औषध दिलं आणि क्रेट कोपऱ्यात, पडद्याआड ठेवायला दिला. मामा तिथं स्टुलावर बसले. मी दारात. दुपार कलत गेली. कुत्र्याचं सलाईन संपलं, मालक त्याला घेऊन गेला. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "मामा, धारंचा टाइम व्हईल. निगाय पायजे."

"काडंल कोन तरी," मामा म्हणाले. मान न वळवता.

मी दारातून आत आले आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. अभ्र्याची गाठ सुटलेली होती. धामणीचं डोकं काठावर आलं होतं, कुंकू धुतल्यावर पुन्हा पिवळसर झालेलं. जीभ मधूनच बाहेर यायची, हळू. मामांनी पट्टीचा हात तिच्याजवळ ठेवला होता, लावला नव्हता. मला भीती वाटली नाही म्हणणार नाही, पण उठलेही नाही.

"तवा बी असंच इचारलं हुतं का तुला?" मामा म्हणाले.

"व्हय."

"कुटं?"

"हितंच, मिरजेत. जिन्यापाशी हुबं करून."

"बसायला बी दिलं न्हाई?"

"न्हाई. गर्दी असती तिथं."

"आन तू एकलीच?"

"एकलीच."

मामांची हनुवटी हलत होती. मी दुसरीकडे बघितलं, सासऱ्यांना रडताना बघायचं नसतं. पडदा पंख्यानं हलत होता आणि बाहेर पोपट कुणाला तरी शिवी देत होता. जीभ बाहेर यायची थांबली ते आम्हाला दोघांनाही लगेच कळलं नाही. डॉक्टर आल्या, नळी लावून बघितलं आणि म्हणाल्या, गेली.

वनखात्याचा माणूस आला तेव्हा ऊन खिडकीतून आत आलं होतं. सभ्य होता. कुठं सापडली, कशी जखम झाली, सगळं विचारून लिहून घेत होता. यंत्र कोण चालवत होतं विचारलं तर मामा म्हणाले, मी. मग त्यानं विचारलं, "ऑपरेशन नको असं कुणी सांगितलं? ताई, तुम्ही का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा स्टुलावरून उठले.

"तिनं न्हाई," ते म्हणाले. आवाज मोठा होता, बाहेरच्या खोलीतली माणसं वळली. "मी सांगितलं. तिच्यावर काय बी घालू नका. तिनं लय केलंय."

तो माणूस गोंधळला. "आजोबा, कुणावर घालायचा प्रश्नच नाही. नुसतं विचारतोय."

"तरी बी," मामा म्हणाले. "मी सांगितलं."

मी वर्षभर वाट बघितली होती कुणीतरी असं म्हणेल म्हणून. कधी कधी भाकरी थापताना मी मनातल्या मनात ते त्यांच्या तोंडी घालायची आणि त्यावर आपण काय बोलायचं तेही ठरवून ठेवायची, चांगलं खरमरीत. आता ते आलं तर मला एक शब्द सुचेना. मी गाडीची किल्ली शोधायला लागले, ती हातातच होती.

परतीला मी सांगली ओलांडली, आष्टा ओलांडलं. सूर्य समोर आला. डोळ्यांवर झापड यायला लागली, एकदा गाडी पांढऱ्या पट्टीवर गेली आणि मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला. आत्यांना घेऊन येताना असं कधी झालं नव्हतं. तेव्हा झोप यायची तर मी मांडीला चिमटा काढायची, कारण मी झोपले तर बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

"बाजूला घे," मामा म्हणाले. ह्या खेपेला ते पुढं बसले होते.

"पोचू की. अंधार व्हईल."

"घे म्हनतो न्हवं."

मी एका चिंचेजवळ गाडी रस्त्याच्या खाली घेतली. सावली पलीकडे पडली होती, गाडी आडवी लागल्यानं माझ्या काचेतून ऊनच येत होतं. पाचच मिनिटं, असं म्हणून मी डोकं मागं टेकलं. मामा उतरले, दार लावल्याचा आवाज ऐकला, आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही. स्वप्नही पडलं नाही.

जाग आली तेव्हा तोंडावर ऊन नव्हतं. मला वाटलं मावळलं. पण बाहेर पिवळाधमक उजेड होता. मामा माझ्या बाजूच्या काचेपाशी उभे होते, दोन्ही हात वर करून टॉवेल काचेला लावून धरलेला. एका अंगठ्याला पट्टी. केव्हापासून धरला होता कुणास ठाऊक. जाणारी-येणारी माणसं गाडी हळू करून बघत होती.

मी काच खाली केली. "मामा, आवं काय करताय हे? हात भरून आलं असत्याल."

"येऊ द्यात," ते म्हणाले. "झोप तू. मी हाय."